समकालीन कलेचे वर्ग आधी की संग्रहालयाची इमारत आधी?

कर्वेरोडकर

पुण्यात समकालीन कलेचं संग्रहालय हवं, ही मागणी अधूनमधून होते आणि दरवेळी जागेपाशी अडते. माझं म्हणणं, इमारतीची वाट बघू नये. आधी वर्ग सुरू करावेत, तेही कला महाविद्यालयातल्या मुलांसाठी नव्हे, तर बँकेत, आयटीत, दुकानात काम करणाऱ्यांसाठी. आठवड्यातून एक संध्याकाळ, तीन महिने, मराठीतून.

पुण्याने हे सिनेमाच्या बाबतीत करून दाखवलंय. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि फिल्म इन्स्टिट्यूटबरोबर त्याने उन्हाळ्यात चित्रपट रसग्रहणाचा अभ्यासक्रम घेतला. सतीश बहादूर, पी. के. नायर यांच्यासारखी माणसं तिथे सामान्य प्रेक्षकाला सिनेमा पाहायला शिकवत होती. शिकून गेलेल्यांत शिक्षक होते, पत्रकार होते, आपापल्या गावात फिल्म सोसायटी चालवणारे होते. चित्र-शिल्पाच्या वाट्याला हे का येऊ नये?

बार्सिलोनाचं समकालीन कला संग्रहालय १९९५ मध्ये उघडलं आणि २००६ मध्ये त्याने स्वतःचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. त्यात कलेइतकीच राजकारणाची, स्त्रीवादाची, शहराची चर्चा असते. संग्रहालयाने भिंतीपलीकडे काय करायचं, याचं ते एक उत्तर आहे.

शाईदौत

मी चित्रं काढून पोट भरतो, आणि माझा याला विरोध आहे.

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. पुणेकरांचा कान कुठल्या वर्गात तयार झाला? ऐकून ऐकून तयार झाला. डोळ्याचंही तसंच असतं, पण डोळ्यासमोर काही असायला तर हवं! इथे चित्रकार पदरमोड करून बालगंधर्वचं कलादालन भाड्याने घेतो, चार दिवस चित्रं लावतो आणि उतरवतो. कायमचं बघायला काय उरतं? मांडणशिल्प, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेलं काम, पडद्यावरच्या फोटोत कळत नाही. त्याच्याभोवती फिरावं लागतं, त्याच्या आकाराचा दाब अंगावर घ्यावा लागतो. वर्ग भरवून तुम्ही चित्राबद्दल बोलणारी माणसं तयार कराल, चित्र बघणारी नाही. पैसा असेल तर आधी कामं विकत घ्या आणि सार्वजनिक जागी कायमची लावा.

कर्वेरोडकर

शाईदौत, सवाईचं उदाहरण मला उलट दिशेला नेतं. सवाईच्या आधी घराघरांत नाट्यसंगीत होतं, रेडिओ होता, गल्लीत पेटी शिकवणारे मास्तर होते. मांडवात बसणारा श्रोता थोडाफार शिकूनच आलेला होता. आणि आता महोत्सवाबरोबर 'षड्ज' आणि 'अंतरंग' असतात, म्हणजे माहितीपट आणि कलाकारांच्या मुलाखती. ऐकणं आणि समजून घेणं तिथेही वेगळं काढलेलं नाही.

कामं आधी हवीत, हे मात्र पटतं. २००८ मध्ये सुधीर पटवर्धनांनी समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झालेला हा चित्रकार. त्यांना मुंबई-दिल्लीच्या गॅलऱ्या पुरेशा असताना त्यांनी हा खटाटोप केला, कारण चित्र बघायची संधीच बहुतेकांना मिळत नाही.

चित्रकलेच्या बाई

तुम्ही दोघंही मोठ्यांबद्दल बोलताय. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, तिथलं सांगते.

आमची मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएट देतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती. हात बसतो, शिस्त येते, दहावीला गुणही मिळतात. या परीक्षांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. गरिबाघरच्या कितीतरी मुलांना रंगपेटी पहिल्यांदा त्यांच्यामुळेच हातात मिळते. पण या सगळ्यात दुसऱ्या कोणाचं चित्र बघून त्यावर बोलण्याची वेळच येत नाही. मूल दहावीपर्यंत चित्र काढतं, बघत नाही.

न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी एक पद्धत बसवली. शिक्षकाने माहिती द्यायची नाही, तीनच प्रश्न विचारायचे. या चित्रात काय चाललंय? तसं तुला कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण त्याचं उत्तर द्यायला मुलाला पुन्हा चित्राकडेच जावं लागतं. सातवीच्या वर्गात गर्दीच्या एका चित्राची छापील प्रत लावून मी हे केलं. कधीच हात वर न करणारा मुलगा म्हणाला, "बाई, सगळे इतके चिकटून उभेत, पण कुणीच कुणाकडे बघत नाहीये." शाईदौत, हा मुलगा बोलला म्हणून त्याचं बघणं कमी झालं का? बोलावं लागलं म्हणून त्याने बघितलं.

शाईदौत

बाई, तुमच्या वर्गाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो शनिवार-रविवारच्या 'कार्यशाळां'ना. तिथे आई-बाबा मुलाच्या हातातला ब्रश घेऊन चित्र पुरं करतात आणि फोटो काढतात. संग्रहालय नसताना वर्ग काढलेत तर तेच होईल.

चित्रकलेच्या बाई

त्यावर उपाय जुना आहे. मोमामध्येच १९३७ पासून शिक्षणाचं काम बघणाऱ्या व्हिक्टर डॅमिको यांनी मुलांसाठी कला-जत्रा भरवली, तेव्हा पालकांना आत प्रवेशच नव्हता. तीच जत्रा १९६३ मध्ये दिल्लीतही आली होती. पालकांना बाहेर बसवायचं धाडस आयोजकांना हवं, एवढंच.

नारायणपेठ

जागा नाही, जागा नाही हे काय चाललंय? राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २० हजार वस्तू आहेत. अडकित्ते, दिवे, वज्री, वाद्यं, कोरीव दरवाजे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची वास्तू १८७२ पासूनची. २००८ मध्ये नव्याने उघडल्यावर त्यांनी सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया अशा आजच्या कलावंतांना जुन्या कपाटांच्या मधोमध काम मांडायला बोलावलं. आधुनिक आणि समकालीन कलेच्या इतिहासाचा पदविका अभ्यासक्रमही काढला. जुनी वस्तू आणि नवं काम एकमेकांशेजारी ठेवलं की शिकवायला विषय आपोआप मिळतो. असं पुण्यात केळकर संग्रहालयात व्हावं. शाईदौत यांना मूळ काम समोर मिळेल, कर्वेरोडकरांना वर्ग मिळेल.

माझी अट फीची. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या शहरात कलेचा वर्ग महाग असू नये. हजारोंची फी लावलीत की तेच दोनशे लोक एकमेकांना भेटतील.

हडपसरचा वाचक

आणि ते सगळं पुन्हा पेठांत, डेक्कनला नाहीतर कोरेगाव पार्कात! संध्याकाळी साडेसहाला मगरपट्ट्यातून निघून बाजीराव रोडला पोहोचून दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये बसमध्ये संग्रहालय थाटलं आणि ती बस शाळांच्या दारात नेली. हडपसर, भोसरी, वारजे इथे तसं काही आलं तर मी या वर्गांच्या बाजूने. नाहीतर शाईदौत म्हणतात तसं, ते पैसे कलाकारालाच द्या.

शाईदौत

केळकर संग्रहालयाची कल्पना मला मान्य आहे, पण दोन गोष्टी लिहून घ्या. काम मांडणाऱ्याला मानधन, आणि वर्गात येऊन बोलणाऱ्यालाही. "तुम्हाला प्रसिद्धी मिळेल" हे ऐकून आम्ही थकलोय. ज्या अंदाजपत्रकात प्रोजेक्टर, चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्रांची छपाई आहे, पण कलाकाराचं नाव नाही, त्याला माझा विरोध कायम राहील.

चित्रकलेच्या बाई

त्याच अंदाजपत्रकात शिक्षकांसाठी एक तुकडी धरा, आणि ती शाळेच्या वेळेत घ्या. रविवारी बोलावलंत तर ज्या शिक्षिकेच्या घरी लहान मूल आहे ती येणार नाही. त्या दिवसाची कर्तव्यरजा मिळवायला शिक्षण विभागाचं पत्र लागतं. कर्वेरोडकर, सुरुवात करणार असाल तर त्या पत्राचा मसुदा आधी लिहू या. मी मदत करते.