वॉल्टवॉर्डनच्या लाइव्ह सूचना: दोष सॉफ्टवेअरचा की कॉन्फिगचा?

घरचा_सर्व्हर
वॉल्टवॉर्डन म्हणजे घरच्या सर्व्हरवर चालवायचा पासवर्ड साठवणारा प्रोग्रॅम. एका उपकरणावरचा बदल दुसऱ्यावर लगेच कळवतात त्या त्याच्या लाइव्ह सूचना. एनजिनएक्स म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन त्याच्याकडे पोचवणारा मधला सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी. काल साधं_बरं यांनी लिहिलं, "एनजिनएक्समागे वॉल्टवॉर्डनच्या लाइव्ह सूचना चालत नाहीत, सॉफ्टवेअरच टाकाऊ." हे वाचून नवखे पळतील, म्हणून सविस्तर लिहितो. या सूचना वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून येतात. वेबसॉकेट साध्या विनंतीनेच सुरू होतं, पण 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' हे हेडर (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळी) एनजिनएक्स आपणहून पुढे पाठवत नाही. हाताने लिहावे लागतात, प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती 1.1 ठेवावी लागते. आणि लोकेशनमध्ये (कॉन्फिगमधला एका पत्त्यापुरता ब्लॉक) हेडर लिहायचा एक जरी प्रॉक्सी_सेट_हेडर असला, तर वर सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिलेले सगळे गळतात. निम्मे लोक इथेच अडकतात.

साधं_बरं
हेडर लोकेशनमध्येच होते. दोन रविवार गेले, दर वेळी 502, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याची एरर. आणि लाइव्ह हवंच कशाला? सर्व्हरवरून ताजं आणायला सिंकचं बटण आहे की!

घरचा_सर्व्हर
502? मग तुमच्या कॉन्फिगमधला सूचनांचा जुना ब्लॉक अजून त्यांच्या पूर्वीच्या वेगळ्या 3012 पोर्टकडेच जातोय. वॉल्टवॉर्डनच्या 1.29 आवृत्तीपासून सगळं मुख्य पोर्टवर आहे, 1.31 मध्ये 3012 काढूनच टाकला. ब्लॉक उडवा.

कोल्हापूरची_मी
"कशाला" विचारताय? आईने फोनवर बँकेचा पासवर्ड बदलला, माझ्या लॅपटॉपवर जुनाच. तीनदा टाकला, खातं लॉक. त्या दिवशी लाइट बिलाची शेवटची तारीख होती. बदल झालाय हेच माहीत नसेल, तर बटण दाबायचं सुचणार कसं?

साधं_बरं
आणि मोबाईलचं काय? तिथे पुश (फोनवर आपोआप येणारा निरोप) हवं तर बिटवॉर्डनकडून, म्हणजे ज्यांची ॲप्स आपण वापरतो त्या कंपनीकडून, आयडी आणि की घ्या, मग सूचना त्यांच्यामार्फत गूगल-ॲपलकडे. घरात सर्व्हर ठेवून पुन्हा त्यांच्याच दारात?

मुळाकाठ
अगदी! मी एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप-भांडारावरचं ॲप वापरतो. त्यात पुश नाही, हाताने सिंक करतो.

घरचा_सर्व्हर
विषय कुठे नेताय? पुशमधून पासवर्ड जात नाही. नोंद बदलल्याचा निरोप तेवढा जातो, नोंद ॲप तुमच्याच सर्व्हरवरून आणतं, तीही एन्क्रिप्टेड.

मुळाकाठ
निरोप केव्हा गेला हे तर त्यांना कळतं ना? मला तेवढंही द्यायचं नाही. "तेवढा" किती, हे तुम्ही कोण ठरवणार?

कोल्हापूरची_मी
तुम्ही एकटे वापरता. आमच्या घरात पाच जण आहेत. आईला हाताने सिंक शिकवून दाखवा, मग तत्त्वाचं बोलू.

मुळाकाठ
माझी आई 71 वर्षांची आहे, तिला मीच शिकवलं. दर वेळी आईला पुढे करू नका.

साधं_बरं
जुना ब्लॉक काढला. 502 गेला, 101 (वेबसॉकेट सुरू झाल्याचा कोड) आला, ब्राउझरमध्ये बदल लगेच दिसतोय. "टाकाऊ" मागे घेतो. पण मी चार लेख वाचले, चारही 3012 च सांगत होते. तो राग आहेच. आणि पुशबाबत मी मुळाकाठ यांच्याच बाजूने.