धिंड काढून धाक बसतो का?

कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांची त्यांच्याच वस्तीतून धिंड काढली की बाकीच्यांना धाक बसतो, असं बरेच जण म्हणतात. मला हे पटत नाही.

समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्टने १९५१ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम विचलन (म्हणजे समाजाचे नियम मोडणं) असा फरक केला. पहिली मारामारी संगतीच्या भरात होते, ते प्राथमिक. पण 'हा गुन्हेगारच' असा शिक्का बसला, की पोरगा त्या शिक्क्याला धरूनच जगू लागतो, ते दुय्यम. धिंडीचा व्हिडिओ मित्रांच्या स्टेटसला 'भाई' म्हणून फिरतो आणि गॅरेजवाला मात्र त्याला परत कामावर घेत नाही. शिवाय पोरगा अठराच्या आतला असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्याची ओळखही उघड करता येत नाही.

तडीपारीतही हीच गोम आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर. गुन्हेगारीचा अभ्यासक ट्रॅव्हिस हिर्शीने १९६९ मध्ये माणसाला गुन्ह्यापासून बांधून ठेवणारे जे धागे सांगितले (घरच्यांचा जिव्हाळा, गमावण्याजोगं काही, कामात गुंतलेला दिवस, नियमांवरचा विश्वास), त्यातले पहिले तीन तर हद्दीबरोबरच सुटतात.

लाज वाटायला लावू नये असं नाही. गुन्हेगारीचाच अभ्यासक जॉन ब्रेथवेटचं (१९८९) म्हणणं एवढंच, की कृत्याचा निषेध करा, माणसाला परत आत घ्या. म्हणजे येरवड्याच्या निरीक्षणगृहातून (अल्पवयीन आरोपींना ठेवतात तिथून) पोरगा बाहेर पडण्याआधीच त्याचं काम, शाळा किंवा आयटीआयचा प्रवेश आणि रोज विचारपूस करणारा एक मोठा माणूस ठरलेला हवा. पहिल्याच आठवड्यात तो रिकामा बसला, तर जुनी टोळी दारात येतेच.