पुढचं डावं चाक तापून राहिलं, कॅलिपर बदलायचाच का?

बुटीबोरी_अपडाऊन:
नमस्कार मंडळी, 2007 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, रोज मानेवाडा ते बुटीबोरी. हल्ली वर्धा रोडवर थोडी चालली की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक सोडला तरी मोकळी पळत नाही, आणि उतरल्यावर डाव्या पुढच्या चाकाला जळका वास. उजवं चाक कोमट, डाव्याजवळ हात नेववत नाही. अर्धा तास उभी ठेवली की आपोआप मोकळी होते. पॅड नुकतेच नवीन टाकले. मेकॅनिक म्हणतो कॅलिपर (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) जाम आहे, पूर्ण बदला. पैशाचं पाहून घेऊ, पण घरचे सगळे याच गाडीत बसतात, नेमका दोष कळला पाहिजे.

जुनी_गाडी_सक्करदरा:
भाऊ आधी कॅलिपरच्या स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर मागंपुढं सरकतो) काढून पहा, आपल्याकडे पावसाळ्यात रबरी बूट फाटला की आत पाणी जाऊन पिन गंजते. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल तर बहुतेक पिनाच. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं बेअरिंगचं ग्रीस नको, रबर फुगून पिन पुन्हा अडकते. आणि तापलेल्या चाकावर पाणी मारू नका, डिस्क वाकडी होते.

हिंगणा_टी_रोड:
पिना पहाच, पण दादा, थांबल्यावर आपोआप सुटते म्हणता ना, मला तिथंच शंका येऊन राहिली. सपाट जागी मागच्या चाकांना गुटके लावा, जॅकवर उचलून खाली स्टँड द्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर बिलकुल नको), ब्रेक चार-पाच वेळा दाबून सोडा आणि चाक हातानं फिरवा. अडकलं की ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा ऑइल-हवा काढायचा छोटा स्क्रू) जरासा सैल करा. थोडं ऑइल येऊन चाक सुटलं तर आत प्रेशर अडकून राहिलं होतं, म्हणजे कॅलिपरचा दोष नाही. ऑइल आलं तरी चाक जामच, तर पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा पिना. प्रेशरचं निघालं तर निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबा, चाक अडकू द्या, आता कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी जिथं लोखंडी पाइपला जोडते तो नट सैल करा. तरी जाम राहिलं तर नळी आतून सोलून बंद झाली आहे, पाय दाबला की ऑइल पुढं जातं पण परत येत नाही. तिथं सुटलं तर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइलला प्रेशर देणारा भाग) पहा, पण त्यात सहसा एकच चाक धरत नाही. बाहेरून नळी चांगली दिसते, म्हणूनच लोक कॅलिपर बदलून बसतात आणि चाक पुन्हा तापतं.

बुटीबोरी_अपडाऊन:
आज रविवार म्हणून करून पाहिलं. पिना मोकळ्या, निपल सैल करताच चाक गरकन फिरलं, पाइपचा नट सैल केला तेव्हा मात्र हललंच नाही. म्हणजे नळी ना? एकच टाकू का?

हिंगणा_टी_रोड:
नळीच. पुढच्या दोन्ही टाका, उजवीचंही वय तेवढंच. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधा. ब्रेक ऑइलही पूर्ण बदला, ते हवेतला ओलावा ओढतं, डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना 205 अंशांच्या वर उकळतं पण ओलावा शिरला की 140 पर्यंत येतं, आणि तापलेल्या चाकात ते उकळलं तर पेडल थेट खाली जातं. बाटली सीलबंद घ्या, रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. नळी बदलताना आत शिरलेली हवा निपलमधून काढून झाल्यावर पेडल कडक लागलं तरच रस्त्यावर काढा, आणि एक चक्कर मारून दोन्ही चाकं सारखीच गरम आहेत का ते इथं कळवा.