अनुभव धागा : सुट्टीत पोरांच्या हाती काय दिलंत?

जळगाव
एप्रिल लागला की आपल्याकडे सकाळी अकरानंतर पोरांना दाराबाहेर काढायची सोय नसते. पारा 44-45 ला, कूलरसमोर गाद्या आणि प्रत्येकाला मोबाईल हवा. माझी लेक 5 वर्षांची, भाचा 8 चा. विकत आणलेली क्राफ्टची पेटी दोन दिवसांत संपली. मग आईनं चिंच फोडायला काढली आणि चिंचोक्यांच्या ढिगावरून दोघं दीड तास हलली नाहीत. चिंचोका ओल्या फरशीवर घासून एका बाजूनं पांढरा करायचा, असे चार झाले की फासे तयार. किती पांढरे पडले, किती काळे? तीन न एक, दोन न दोन, अशा चारच्या सगळ्या फोडी लेकीला पाटीशिवाय कळल्या. भाचा एकी-बेकी खेळतो. मूठ उघडली की जोड्या लावायच्या, एक उरला तर एकी.

तुमच्याकडे काय चाललंय ते सविस्तर लिहा. सामान घरातलं, शेतातलं असावं, आणि वस्तू पोरांनीच केलेली असावी. आईबापांनी करून पोरांच्या हातात दिलेली नको.

अमळनेर
चिंचोके छानच, पण ताई, एक सांगते. माझ्या अडीच वर्षांच्या धाकट्यानं मोठीच्या ढिगातला चिंचोका नाकात घातला. मी घाबरून बोटानं काढायला गेले, तो आणखी आत सरकला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी चिमट्यानं काढला आणि मला रागावले. बी ओलाव्यानं फुगते, घरी कोरत बसायचं नाही, तडक आणायचं. तीन वर्षांखालचं पोर घरात असेल तर मोठ्या पोरांनी खाटेवर बसून खेळावं आणि उठताना चिंचोके मोजून डबीत भरावेत. आमच्याकडे 40 आहेत. 39 भरले तर कुणी उठत नाही.

शिरपूर
मातीचे बैल पोळ्याला सगळेच करतात, मी नातवंडांना सुट्टीतच बसवते. आपली काळी माती चिकट, मळायला गोड, पण वाळताना दगा देते. पहिल्या दिवशीचे सहाही बैल संध्याकाळपर्यंत पायांतून फुटले. नातू रडवेला होऊन आला, "माय, मना बैल पडी गया!"

मी जोडून दिला नाही. विचारलं, वावराला भेगा कधी पडतात? म्हणाला, पाणी आटल्यावर. मग बैल उन्हात ठेवायचे का? दुसऱ्या दिवशी पोरांनी ते ओसरीच्या सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवले. तरी दोन तडकले. तिसऱ्या दिवशी नातीनं वातींचा कापूस पिंजून मातीत मळला. शेणात भुसा घालतात तसं, म्हणाली. पाय आखूड न जाड केले, वशिंड जरा लहान केलं. ते बैल आजही कोनाड्यात उभे आहेत. एकाचं शिंग वर, दुसरं कानाजवळ. ते सरळ करायला आपला हात फार शिवशिवतो हो. मी दोन्ही हात पदरात धरून बसले होते.

रावेर
केळीच्या पानाचा दांडा आडवा कापा. कप्प्याकप्प्यांची चंद्रकोर मिळते. गेरूच्या किंवा हळदीच्या पाण्यात बुडवून जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर ठसे. कापायचं काम मोठ्यांचं. अंगावर जुनेच कपडे घाला, केळीच्या चिकाचा डाग निघत नाही.

चोपडा
भुलाबाईत, म्हणजे आपल्याकडच्या मुलींच्या गाण्यांच्या सणात, झाकलेला डबा हलवून खाऊ ओळखायचा असतो ना, तोच खेळ आम्ही सुट्टीत रोज चार वाजता घेतो, मुलगे-मुली सगळे मिळून. मोठ्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. आधी नुसता गलका व्हायचा, लाडू! चिवडा! शेव! आठवड्याभरात "तळलेलं आहे का?", "झाडाला लागतं का?" इथवर आले. परवा डबा खुळखुळवून सहा वर्षांची पुतणी म्हणाली, हे वाळवण आहे. बिबड्याचे, म्हणजे ज्वारीच्या पापडाचे, तुकडे होते. तिनं सकाळी गच्चीवर स्वतः राखण केली होती, त्यामुळे तो आवाज तिच्या कानात बसलेला असणार.

भुसावळ
आमचं घर रेल्वेवाल्यांचं, म्हणून गाडीच केली. रिकाम्या काडेपेट्या दोऱ्यात ओवल्या, प्रत्येकीवर एक स्टेशन: भुसावळ, भादली, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव. नावं मुलानंच लिहिली, पहिलीतून दुसरीत गेलाय. पाचोराचा चो दोनदा उलटा काढला, मी बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा स्वतःच खोडला.

मग एका दुपारी फरशीवर गाडी ओढताना तो थांबला. "पप्पा, हे गोल गोल अक्षर भुसावळात आहे, जळगावात आहे, चाळीसगावातपण आहे." शाळेत ळ शेवटाला शिकवतात, त्यामुळे त्याचा तो कच्चाच होता. आता डब्यांवर, कॅलेंडरवर, दुकानांच्या पाट्यांवर ळ शोधणं चालू आहे. काल विचारलं, धुळ्यातपण ळ आहे, मग आपली गाडी तिकडे का जात नाही? चाळीसगावहून फाटा काढून सहावी काडेपेटी धुळ्याची जोडली. आता दोन काडेपेट्या हव्यात, नंदुरबार आणि दोंडाईचा राहिलेत.