गुंतलेल्या फोटॉनची आरती पुरे

खवचट_फोटॉन:
काल इथे कुणीतरी लिहिलं की क्वांटम सूक्ष्मदर्शक आला, आता पेशी न जाळता दुप्पट बारीक दिसणार आणि पाच वर्षांत कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो असणार. खाली "सुंदर माहिती"ची माळ. तिथे लिहून भागेना, म्हणून वेगळा धागा.

कॅलटेकच्या लिहाँग वांग यांचा २०२३चा प्रयोग खरा आहे. क्रिस्टलमधून एकमेकांत गुंतलेल्या (एंटँगल्ड) फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या काढतात. जोडीतला एक फोटॉन नमुन्यातून जातो, दुसरा शेजारून, आणि दोघे मिळून निम्म्या तरंगलांबीसारखे वागतात. विभेदन, म्हणजे किती बारीक दिसतं ते, दुप्पट, पण कशाच्या? तोच फोटॉन एकटा दाखवतो त्याच्या! ज्या लहान तरंगलांबीच्या लेझरमधून या जोड्या काढल्या, तोच थेट स्लाइडवर टाकला असता तरी तेवढंच दिसलं असतं. वर क्रिस्टलमध्ये लाखो फोटॉन ओतावे तेव्हा कुठे एक जोडी पडते. चित्र भरेपर्यंत बसा जप करत. जर्मनीतल्या स्टेफान हेलने यातलं काहीही न वापरता अॅबेची मर्यादा, म्हणजे तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक दिसत नाही हा नियम, ओलांडली आणि २०१४च्या नोबेलमध्ये वाटा मिळवला.

पेशीवाली:
"थेट टाकला असता" म्हणे. अतिनीलाकडे झुकलेला लेझर जिवंत पेशींवर टाकून बघितलाय का कधी? पीएचडीत मी रात्रभर टाइमलॅप्स लावून घरी जायचे. सकाळी बघावं तर पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या. गाईड म्हणायचे मीडियम खराब. मीडियम नव्हतं खराब, प्रकाश नडत होता. हेलच्या पद्धतीत तर लेझरचा मारा आणखी जास्त, शिवाय पेशीत घातलेलं चमकणारं रंगद्रव्य विझतं ते वेगळंच.

क्वीन्सलँडच्या वॉरविक बोवेन यांच्या गटाने २०२१मध्ये यीस्टची पेशी रामन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे रेणूंच्या कंपनांवरून चित्र काढणाऱ्या यंत्रात, बघितली. लेझर वाढवला तर पेशी मरते अशा टोकाला क्वांटम प्रकाशाने लेझरचा स्वतःचा गोंगाट दाबून ३५ टक्के जास्त स्पष्टता काढली. हे तुमच्या लेखी काहीच नाही?

खवचट_फोटॉन:
ताई, तिथे सुट्या जोड्या नव्हत्याच, स्क्वीझ्ड प्रकाश होता, म्हणजे ज्याची चढउतार दाबून कमी केलेली असते असा अखंड झोत. सगळं एकत्र कालवायचं, हीच तर माझी तक्रार. आणि ३५ टक्के! एवढं पाणी तर आमचा दूधवाला घालतो.

पेशीवाली:
मग दूधच बघा सूक्ष्मदर्शकातून. जिवंत पेशींचं आम्ही बघून घेऊ.

टेबल_क्र_४:
भांडा खुशाल, पण सगळ्यात कामाची गोष्ट दोघांनीही सोडली. व्हिएन्ना, २०१४, भौतिकशास्त्रज्ञ त्साइलिंगर यांचा गट. जोडीतले फोटॉन वेगवेगळ्या तरंगलांबीचे: मांजराच्या आकृतीवर १५५० नॅनोमीटरचा प्रकाश पडला, कॅमेऱ्यात त्याचा ८१०चा जोडीदार आला. मांजराला शिवलेला एकही फोटॉन कॅमेऱ्यापर्यंत गेला नाही. २०२०मध्ये बर्लिनवाल्यांनी हीच युक्ती मध्य-अवरक्तात नेली आणि उंदराच्या हृदयाची ऊती रंग न देता बघितली, तीही साध्या सिलिकॉन कॅमेऱ्यावर, ज्याला अवरक्त दिसतच नाही. अवरक्त कॅमेऱ्याचं कोटेशन ज्याने हातात धरलंय त्याला विचारा याचं मोल.

खवचट_फोटॉन:
बरं, हे एक मान्य. जोड्या मोजत बसावं लागत नाही म्हणून मान्य.

डॉ_स्लाइड:
ती कोपऱ्यावरची लॅब म्हणजे मीच, रत्नागिरीकडे. रंग न देता बघा म्हणता, पण एच अँड ई, म्हणजे तो नेहमीचा जांभळा-गुलाबी रंग, केल्याशिवाय कॅन्सरच्या रिपोर्टवर सही कोण करणार? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३ कोटी, त्यातलं सेन्सिंगचं (क्वांटम मोजमापाचं) केंद्र आयआयटी मुंबईत. आणि इथे जुलैत माझ्या १००च्या ऑब्जेक्टिव्हवर (सूक्ष्मदर्शकाची तेलात बुडवायची लेन्स) बुरशीची जाळी धरते आणि सर्व्हिसवाला म्हणतो गणपतीनंतर येतो.

कुडाळकर:
डॉक्टरांनू, लाकडी पेटीत पिवळो बल्ब लावून ठेवा. आमच्या कॉलेजात सगळे ऑब्जेक्टिव्ह तसेच टिकले.

पेशीवाली:
बल्ब कशाला, सिलिका जेल ठेवा. निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर भाजून परत वापरा.

कुडाळकर:
तव्यावर? निळ्या जेलात कोबाल्ट असता, बाय. मागाहून त्याच तव्यार भाकरी?

पेशीवाली:
लॅबचा तवा वेगळा असतो, हेही सांगायला हवं का?

खवचट_फोटॉन:
मंडळी, विषय क्वांटम इमेजिंग होता.

डॉ_स्लाइड:
तुमचा असेल. माझा बुरशी आहे. लेन्सवरचं तेल पुसायला मी जायलीन हे द्रावक वापरतो, त्याने बुरशीही जाते का?

टेबल_क्र_४:
जायलीन!! लेन्सच्या जोडातलं सिमेंट सैल होतं त्याने. ऑब्जेक्टिव्ह बुरशीने नाही, तुमच्या हाताने मरतोय.

डॉ_स्लाइड:
टिश्यूला जेमतेम ओल लावून एकदाच फिरवतो. आमच्या सरांनीही तेच केलं. तुमच्या टेबलावर दिवसाला किती स्लाइड येतात?

टेबल_क्र_४:
एकही नाही. म्हणूनच लेन्स शाबूत आहेत. चालू द्या.

पेशीवाली:
फोटॉनराव गप्प झाले वाटतं.

खवचट_फोटॉन:
गप्प नाही. पेशी मरतात हे तुमचं ठीक, धरून चालू. पण मग लेखाचं शीर्षक "जिवंत पेशींसाठी कदाचित" असं हवं होतं. पॅथॉलॉजीत येतात त्या पेशी आधीच फॉर्मलिनमध्ये मेलेल्या असतात, त्यांना लेझरची कसली भीती?

डॉ_स्लाइड:
हे मात्र बरोबर बोललात, प्रथमच. कुडाळकर, बल्ब पेटीच्या आत की बाहेर?

कुडाळकर:
आत, पण लेन्सपासून वीतभर लांब. आणि एलईडी लावू नको, तो तापणा नाय, मग दमटपणा जायत कसो?