विषय: सोलापुरात रेडियम कटर घ्यायचाय, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

सोलापूरचं कुणी आहे का लिस्टवर? माझी धाकटी बहीण अशोक चौकाजवळ शाळांचे गणवेश शिवते. आता गणवेशावरची नावं, मंडळांचे टी-शर्ट, गाड्यांचं रेडियम अशी कामंही घरीच घ्यायची म्हणते. दिवाळीत मी जाणार आहे. इथे न्यू जर्सीत क्रिकट कंपनीचा १२ इंची घरगुती कटर पाहिला, सुबक आहे, बॅगेत मावेल. तोच न्यावा, की तिकडे २४ इंची घ्यावा? टी-शर्टवर नावं गरम दाबून चिकटवायची हीट प्रेसही इथूनच नेऊ का? तिचे साठवलेले पैसे यात जाणार आहेत, म्हणून आधी विचारते.

*

ताई, नमस्कार.

मी तिकडे बारा वर्षं काढून सोलापूरला परतलो, लिस्ट मात्र सोडवली नाही. गेली सहा वर्षं इथे हेच काम करतोय.

हीट प्रेस अजिबात नेऊ नका. तिकडची १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. कटरचा अडॅप्टर बऱ्याचदा १०० ते २४० वर चालतो, लेबलवर लिहिलेलं असतं. तापणाऱ्या यंत्राचं तसं नाही. इथे घेतानाही मिस्त्रीकडून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. घरातल्या साध्या प्लगवर प्रेस लावू नये.

क्रिकट घरच्या हौसेला छान आहे. पण त्याला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं, आणि गाडीच्या मागच्या काचेवरचं नाव १२ इंचांत बसत नाही. आषाढीला पंढरपूरकडे निघणाऱ्या गाड्यांचं काम घ्यायचं तर २४ इंची हवाच. साध्या स्टेपर मोटरचा पुरे. सर्व्हो मोटरचा शांत चालतो, लांब कामात रेघ चुकवत नाही, पण सुरुवातीला तेवढे पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. एक गोष्ट मात्र बघून घ्या: छापलेल्या स्टिकरच्या खुणा वाचणारा सेन्सर असावा. मग छपाई दुसरीकडून करून आणायची आणि आकारात कापायचं काम घरी करायचं. फक्त सॉल्व्हंट शाईची छपाई एक दिवस वाळू द्यावी, मगच कापावी.

आता पातं. नव्या माणसाची चूक इथेच होते. नेहमीच्या रेडियमला ४५ अंशांचं पातं, जाड, मखमली फ्लॉकला ६० अंशांचं. पातं होल्डरच्या बाहेर नखाच्या जाडीएवढं दिसलं तरी ते जास्त आहे. मी होल्डर हातात धरून तुकड्यावर रेघ ओढतो: वरचं रेडियम कापलं जावं, खालच्या कागदावर फक्त ओरखडा उठावा. तसं झालं की मगच मशीनमध्ये बसवायचं. ऑफसेट, म्हणजे पात्याचं टोक होल्डरच्या मध्यापासून जेवढं बाजूला असतं ते अंतर, ०.२५ मिलिमीटर ठेवायचा आणि दाब ८० ग्रॅमपासून दहा-दहाने वाढवायचा. छोटा चौकोन कापून बघा. कोपरे गोल आले तर ऑफसेट चुकलाय. चौकोन सोलताना कागदही उचलला गेला तर दाब जास्त आहे. दाबचाकं खालच्या खरबरीत रोलरवरच यायला हवीत, आणि कामाला लागेल तेवढं रेडियम आधीच उलगडून सैल ठेवायचं. जड रोल ओढताना रेघ सरकते.

ताई, मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते आपल्या लिपीबद्दल. पहिल्या वर्षी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी मी ‘श्री सिद्धरामेश्वर’ लिहिलेले चाळीस टी-शर्ट दिले. तिसऱ्या धुण्याला शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्यात चीर पडली. स्क्रीनवर रेघ सलग दिसते. पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर जरासे चढलेले असतात. प्रिंटरला त्याने फरक पडत नाही. पातं मात्र बाह्यरेषेवर चालतं, त्यामुळे दर सांध्याला उभा काप बसतो. चाळीसच्या चाळीस मी पुन्हा करून दिले.

म्हणून कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये आधी कर्व्ह, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा करायच्या, मग वेल्ड, म्हणजे त्या जोडून एक करायच्या. तसंच इंकस्केप फुकट आहे. त्यात ऑब्जेक्ट टू पाथ, ग्रुप सोडायचा, मग युनियन. आउटलाइनमध्ये बघायचं, आतल्या उभ्या रेघा गेल्या असतील तरच कापायला सोडायचं. गिऱ्हाईक श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमधली फाइल आणतात, ती कर्व्ह करूनच मागवावी, नाहीतर अक्षरांचा काला होतो.

टी-शर्टला गरमीने चिकटणारा रोल लागतो. त्यावर मजकूर आरशातल्यासारखा उलटा कापायचा, चकचकीत बाजू खाली. मग प्रेसखाली साधारण १५० अंश सेल्सिअस, १५ सेकंद. रोलवर कंपनीने दिलेला आकडा असेल तर तोच धरायचा. लाल पॉलिएस्टर जर्सीवर पांढरं लावलं तर गरमीने कापडाचा रंग वर चढून पांढरं गुलाबी होतं. तिथे १३० अंशांच्या आसपास चालणारा कमी तापमानाचा रोल घ्या.

*

दादा, किती सविस्तर लिहिलंत! छापून बहिणीला पाठवते. एकच विचारते: टॉवेलवर नावं चालतील का? इथल्या आमच्या हळदीकुंकवाला सोलापुरी टॉवेलवर मंडळाचं नाव घालून वाण द्यायचा विचार आहे. आणि अनुस्वाराचे टिंब सोलताना निघून येतात म्हणे?

*

टॉवेलच्या लूपवर नाही चालणार. धागे उभे असतात, चिकटायला सपाट जागाच मिळत नाही, दोन धुण्यांत उचकटतं. टोकाला सपाट विणलेली पट्टी असते तिच्यावर लावा, छान बसतं.

टिंब निघून येतात, खरंय. दीड मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका, आणि सोलताना शिरोरेषेच्या दिशेने, कागदाला लागून हळू ओढा. वरून उचललं की टिंब गेलंच. शिवणयंत्राची सुई तिच्या हाताशी असतेच. तिने टिंब दाबून धरायचं आणि मग पुढे सोलायचं. मीही तेच वापरतो.

वाणाचे टॉवेल घेताना पट्टीची रुंदी मोजून कळवा. अक्षराची उंची वेलांट्या-उकारांसकट धरा. ‘मंडळ’ पट्टीत बसतं आणि ‘हळदीकुंकू’ खाली लूपवर उतरतं.