इंडेक्स टू नावावर, पण सिडकोच्या दप्तरी कोण?

'इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा खरेदीच्या नोंदीचा उतारा) हातात आलं की फ्लॅट आपला' असं म्हणतात. ते ठाण्यातल्या घोडबंदरला ठीक असेल, पण सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, घरांना पुरतं लागू होत नाही. इथली जमीन मूळ सिडकोची, आपल्याला भाडेपट्ट्याने, बहुतेक ठिकाणी ६० वर्षांसाठी. त्यामुळे खरेदीखताची नोंदणी झाली तरी हस्तांतरण शुल्क भरून सिडकोकडेही नाव लावून घ्यावं लागतं.

आम्ही नेरूळला सिडकोने बांधलेला फ्लॅट घेतला तेव्हा हेच नडलं. आमच्या आधी दोन विक्र्या झालेल्या, करार नोंदवलेले, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही नावं चढलेली. सिडकोच्या कागदावर मात्र अजून पहिलाच मालक! मधल्या गृहस्थांनी शुल्क वाचवलं होतं आणि ते कोणी भरायचं यावर विक्रेत्याशी आमची दोन महिने घासाघीस चालली. बँकही अडून बसली, मूळ वाटपपत्रापासून सगळी साखळी दाखवा म्हणाली. शेवटी निम्मं निम्मं ठरलं. म्हणून टोकन देण्याआधीच विक्रेत्याकडे सिडकोचा हस्तांतरणाचा आदेश मागा, आणि तो त्याच्याच नावाचा आहे ना ते बघा. सोसायटीचं ना-हरकत पत्र त्याची जागा घेत नाही, एजंट काहीही सांगो.